सॉफ्टवेअर विकासासाठी नवा लॅपटॉप घेताना आधी काय पाहावे?

धागाकर्ता

नमस्कार. माझे काम मुख्यतः बॅकएंडचे आहे. जावा आणि पायथनमध्ये लिहिलेल्या काही सेवा, सोबत पोस्टग्रेस व रेडिस हे डेटाबेस आणि संदेशवहनासाठी काफ्का, हे सगळे कंटेनरमध्ये (प्रत्येक प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) एकाच वेळी चालू ठेवून मी काम करतो. अधूनमधून अँड्रॉइड अ‍ॅपमध्येही बदल करावे लागतात आणि तेव्हा इम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा आभासी फोन) सुरू करावा लागतो. सध्याच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असल्यामुळे वाढवता येत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाही, त्यामुळे नवीन यंत्र घेणे आता टाळता येणार नाही.

नवा लॅपटॉप किमान पाच वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. जाहिरातींमध्ये प्रोसेसरचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत असते, पण खर्चाची मर्यादा ठरलेली असताना प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि स्क्रीन यांपैकी कशावर अधिक आणि कशावर कमी खर्च करावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. मॅक घ्यावा की लिनक्स चालवता येईल असा लॅपटॉप घ्यावा, याबद्दलही अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

कोणतेही मॉडेल पाहण्याआधी सध्याच्या यंत्रावर स्वतःच्या कामाचे मोजमाप करावे, असे मी आग्रहाने सांगेन. सर्वांत जास्त ताण असलेल्या दिवशी, म्हणजे सगळे कंटेनर, इम्युलेटर, एडिटर आणि ब्राउझर एकत्र चालू असताना, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरचा ‘कमिटेड’ हा आकडा पाहा. ‘इन यूज’ हा आकडा ८ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून तो पाहून गरजेचा अंदाज येत नाही. ‘कमिटेड’ म्हणजे चालू प्रोग्रामांना ऑपरेटिंग सिस्टीमने कबूल केलेली एकूण मेमरी, आणि त्यात पेज फाइलचा आधारही धरलेला असतो. लिनक्सवर ‘अव्हेलेबल’ आणि स्वॅप हे दोन आकडे एकत्र पाहावेत, तर मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधील मेमरी प्रेशरचा आलेख पुरेसा बोलका असतो.

त्याच वेळी एक पूर्ण बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची क्रिया) चालवून नेमकी वाट कशाची पाहावी लागते तेही टिपून ठेवा. प्रोसेसरचे सगळे कोर (त्यातील स्वतंत्र गणना-एकके) शंभर टक्के वापरात असतील तर अडचण प्रोसेसरची आहे. एकच कोर भरलेला आणि बाकीचे रिकामे असतील तर कोरांची संख्या वाढवून फारसा उपयोग होणार नाही. प्रोसेसर निवांत आणि डिस्क मात्र सतत पूर्ण व्यग्र असेल, तर बहुतेक वेळा मूळ दुखणे रॅमच्या कमतरतेचे असते, कारण रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीतील पाने डिस्कवर नेत आणि परत आणत बसते.

कंटेनर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर लिनक्सचे कंटेनर थेट चालत नाहीत, ते एका आभासी लिनक्स यंत्राच्या आत चालतात. विंडोजवर लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल २ ही सोय त्या यंत्राला मूळ मांडणीत एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंतच मेमरी देते. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर तुमच्या सगळ्या सेवा, डेटाबेस आणि काफ्का मिळून ४ जीबीत कोंबलेले आहेत. ही मर्यादा डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येते, पण जी रॅम मुळात नाही ती बदलाने येत नाही.

प्रतिसाद २

वरील सूचना योग्यच आहे. मी प्रोसेसरविषयी लिहितो, कारण नावांच्या गोंधळात अनेकांची फसगत होते.

‘आय ५ की आय ७’ हा प्रश्न आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही. मॉडेल क्रमांकाच्या शेवटचे अक्षर आणि आतली रचना कोणत्या पिढीची आहे, या दोन गोष्टी अधिक सांगून जातात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील लॅपटॉपचे प्रोसेसर घ्या. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही नावे शेजारी ठेवली तर भावंडे वाटतात. परंतु या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी दाखवतो, त्यामुळे पहिला एएमडीच्या झेन २ या रचनेवर, दुसरा झेन ३ वर आणि तिसरा झेन ४ वर आधारलेला आहे. पहिल्यात चारच कोर आहेत आणि बाकीच्या दोघांत सहा. दुकानाच्या पाटीवर मात्र तिघांसमोरही ‘रायझन ५, ७००० मालिका’ एवढेच लिहिलेले असते.

इंटेलकडेही असेच आहे. कोअर ७ १५०यू आणि कोअर अल्ट्रा ७ १५५एच या नावांत ‘७’ समान असला तरी पहिल्याची रचना आधीच्या पिढीची आहे. ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॅटच्या मूळ मर्यादेत चालणारा प्रोसेसर, ‘एच’ म्हणजे २८ ते ४५ वॅटच्या घरातला आणि ‘एचएक्स’ म्हणजे डेस्कटॉपच्या जवळ जाणारा, जो जाड आणि जड लॅपटॉपमध्येच शोभतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘व्ही’ मालिकेत रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते आणि तिथे प्रोसेसरचा क्रमांकच रॅम ठरवतो. अल्ट्रा ७ २५६व्ही घेतला तर १६ जीबी आणि २५८व्ही घेतला तर ३२ जीबी, त्यापलीकडे पर्याय नाही. बॅटरी दीर्घकाळ टिकावी असे वाटणाऱ्यांसाठी ही मालिका उत्तम आहे. मात्र तिच्यात आठच कोर आहेत, त्यामुळे मोठे समांतर बिल्ड हेच ज्यांचे मुख्य काम आहे त्यांनी दुसरीकडे पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते, ती म्हणजे लॅपटॉप तो वेग किती वेळ टिकवतो. पहिला अर्धा-एक मिनिट प्रोसेसर आपल्या मूळ मर्यादेच्या दुपटीहून अधिक वीज घेऊ शकतो आणि चाचण्यांचे आकर्षक आकडे बहुधा त्या काळातले असतात. बिल्ड दहा मिनिटांचा असेल तर उरलेली नऊ मिनिटे पंखा आणि उष्णतावाहक नळ्या किती सक्षम आहेत यावर वेग ठरतो. एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप सलग बिल्डमध्ये एकमेकांपासून बरेच मागेपुढे पडू शकतात. म्हणून परीक्षणे वाचताना सलग भाराचा आलेख दिला आहे का ते आधी पाहावे, आणि चार्जर काढल्यावर वेग किती उतरतो तेही पाहावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. इम्युलेटर बंद ठेवून ‘कमिटेड’ सुमारे १४ जीबी आणि इम्युलेटरसह सुमारे १९ जीबी दिसले. बिल्डच्या वेळी प्रोसेसरचा वापर बहुतेक काळ निम्म्याच्या आसपास राहिला आणि डिस्क मात्र जवळजवळ सतत पूर्ण भरलेली होती. म्हणजे इतके दिवस ज्याला मी प्रोसेसरचा संथपणा समजत होतो, तो प्रत्यक्षात पेजिंगचा, म्हणजे मेमरीतील पाने डिस्कवर ने-आण करण्याचा होता.

यावरून १६ जीबी अपुरी पडेल असे दिसते. मग ३२ जीबी पुरेशी होईल का, आणि ती सोल्डर केलेली घ्यावी की बदलता येणारी, हा पुढचा प्रश्न आहे.

प्रतिसाद ३

तुमच्या मोजमापावरून ३२ जीबी हे अगदी योग्य उत्तर आहे. इम्युलेटरसह अँड्रॉइड स्टुडिओ चालवण्यासाठी गूगलने स्वतःच किमान १६ जीबी सांगितली आहे, आणि तुमच्याकडे त्यावर कंटेनरही आहेत. ६४ जीबीचा विचार मोठी आभासी यंत्रे चालवणाऱ्यांनी किंवा फार मोठे मूळ कोड बांधणाऱ्यांनी करावा. अँड्रॉइड ही संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमच स्वतः बांधायची असेल तर गूगल किमान ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी जागा मागते. अ‍ॅप बांधणाऱ्याला एवढ्याची गरज नाही.

आता सोल्डरचा प्रश्न. तपशिलात ‘एलपीडीडीआर’ लिहिले असेल तर रॅम जवळजवळ नेहमीच बोर्डावर पक्की असते. ‘डीडीआर५ एसओ-डिम’ लिहिले असेल तर ती बदलता येते. एलपीसीएएमएम२ नावाचा नवा प्रकार एलपीडीडीआर असूनही काढता-घालता येतो, पण तो अजून मोजक्याच मॉडेलांत आढळतो. ‘८ जीबी बोर्डावर आणि एक मोकळा स्लॉट’ अशी मिश्र रचनाही असते, म्हणून केवळ ‘वाढवता येते’ या शब्दांवर विसंबू नये. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मिळाली तर ती उघडून रॅमचे प्रकरण प्रत्यक्ष वाचावे. व्यावसायिक मालिकांच्या पुस्तिका सहसा सर्वांसाठी खुल्या असतात आणि झाकण उघडल्यावर कोणते स्क्रू काढावेत इथपर्यंत चित्रांसह माहिती त्यांत असते.

पक्की रॅम मुळातच वाईट असते असे नाही. ती कमी वीज घेते आणि तिचा वेगही अधिक असतो. माझा नियम इतकाच आहे की रॅम पक्की असेल तर पाचव्या वर्षी जेवढी लागेल तेवढी आजच घ्यावी, आणि बदलता येणारी असेल तर आजच्या गरजेपुरती घेऊन पुढे वाढवावी. बदलता येणारी घेताना एकच मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन समान पट्ट्या घेतल्या तर मेमरीची वाहिनी पूर्ण रुंदीने वापरली जाते. बिल्डमध्ये हा फरक माफक असतो, परंतु ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल आणि बाहेरचा मोठा मॉनिटर जोडला असेल तर तो जाणवतो.

एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत बदलता येते, म्हणून तिथे थोडी काटकसर चालते. तरीही इम्युलेटरच्या प्रतिमा, कंटेनरच्या प्रतिमा (कंटेनर ज्यांतून सुरू होतात त्या तयार फाइली) आणि बिल्डचे कॅशे यांत ५१२ जीबी फार लवकर भरते, म्हणून १ टीबी घ्यावी. स्वस्त एसएसडीमध्ये क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) प्रकारची मेमरी असते आणि तिचा जलद कॅशे भरल्यावर लिहिण्याचा वेग एकदम खाली येतो, त्यामुळे टीएलसी (एका पेशीत तीन बिट) असल्याची खात्री करावी. स्लॉट २२८० लांबीचा आहे की २२३० किंवा २२४२ चा, हेही पाहावे, कारण आखूड आकारांत निवडीला वाव कमी राहतो.

प्रतिसाद ४

मॅकबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यापासून मी याच मालिकेवर काम करत आहे. बॅटरीवर चालतानाही बिल्डचा वेग जवळपास तसाच राहतो, यंत्र मांडीवर ठेवता येते आणि झाकण उघडताच ते जागे होते. रोज दिवसभर कोड लिहिणाऱ्याला या गोष्टींचे मोल फार असते. शिवाय आयफोनचे अ‍ॅप बांधायचे असेल तर एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालते, त्यामुळे त्या कामासाठी हा प्रश्न निकालातच निघतो.

मात्र तुमच्या बाबतीत कंटेनरचा मुद्दा नीट तपासा. हे प्रोसेसर एआरएम रचनेचे आहेत, तर इंटेल आणि एएमडीचे एक्स८६ रचनेचे. तुमचे सर्व्हर एक्स८६ वर चालत असतील आणि एखादी अंतर्गत प्रतिमा फक्त एक्स८६ साठीच बांधलेली असेल, तर ती मॅकवर अनुवादित होऊन चालेल, संथ चालेल आणि कधीकधी विचित्र त्रुटी देईल. प्रचलित अधिकृत प्रतिमा दोन्ही रचनांसाठी मिळतात, अडचण येते ती संस्थेच्या स्वतःच्या जुन्या प्रतिमांची. घेण्याआधी कंटेनरांची यादी असलेल्या तुमच्या कंपोज फाइलमधील प्रत्येक प्रतिमा एआरएमसाठी उपलब्ध आहे का, हे एकदा बसून तपासावे. एक्स८६ मॅक अ‍ॅपसाठी असलेली रोझेटा ही सोय सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असे अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे, म्हणून पाच वर्षांचा विचार करणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

रॅम आणि साठवण दोन्ही खरेदीच्या क्षणीच ठरतात. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही, त्यामुळे छोट्या बिल्डसाठी ती सुरेख असली तरी दीर्घ बिल्डमध्ये वेग उतरतो. बाहेरच्या मॉनिटरांची मर्यादाही पाहावी. एम१ आणि एम२ च्या एअरला अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो, एम३ च्या एअरला झाकण बंद ठेवल्यास दोन, आणि एम४ पासून झाकण उघडे असतानाही दोन जोडता येतात.

प्रतिसाद ५

आतापर्यंतची चर्चा आतल्या भागांची झाली. ज्या दोन गोष्टींशी डोळे आणि बोटे दिवसभर झगडणार आहेत, त्यांच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. संथ प्रोसेसर बिल्डच्या वेळी जाणवतो, वाईट स्क्रीन प्रत्येक मिनिटाला जाणवते.

सर्वप्रथम उंची. १६:९ ऐवजी १६:१० प्रमाणाची स्क्रीन घ्यावी. १९२० × १०८० ऐवजी १९२० × १२०० म्हणजे उभ्या दिशेने १२० पिक्सेल अधिक, आणि एडिटरमध्ये एका ओळीला २० पिक्सेल लागत असतील तर सहा ओळी अधिक दिसतात. खाली टर्मिनल उघडे ठेवून काम करणाऱ्याला या सहा ओळी म्हणजे फंक्शन अर्धे दिसणे आणि पूर्ण दिसणे यांतला फरक असतो.

मग पिक्सेलची घनता. १४ इंचावर १९२० × १२०० पुरेसे आहे, पण २८८० × १८०० वर अक्षरांच्या कडा लक्षणीयरीत्या स्वच्छ दिसतात. देवनागरी मजकूर असलेले अ‍ॅप बांधणाऱ्यांना हे लगेच पटेल, कारण ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ङ्क्त’ यांसारखी जोडाक्षरे कमी घनतेवर काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि मात्रा कापली गेली आहे की नाही ते कळत नाही. २८८० × १८०० ही स्क्रीन १५० टक्के स्केलिंगवर बरोबर १९२० × १२०० एवढाच मजकूर दाखवते, म्हणजे जागा न गमावता केवळ स्पष्टता वाढते. विंडोजवर हे सहज जमते. लिनक्सवर अपूर्णांकी स्केलिंग वेलँड या नव्या चित्रप्रणालीमुळे पुष्कळ सुधारले आहे, तरी काही जुनी अ‍ॅप अजूनही धूसर दिसतात.

तपशिलात रंगांच्या आवाक्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ असे दिसले तर तो पॅनल टाळावा. तो फिकट असतो आणि सिंटॅक्सचे जवळजवळचे रंग त्यावर वेगळे ओळखू येत नाहीत. त्याऐवजी ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधावे. उजेड किमान ३०० निट्स असावा, आणि खिडकीजवळ बसत असाल तर ४०० किंवा अधिक. चकचकीत काचेपेक्षा मॅट पृष्ठभाग कोड वाचण्यासाठी कधीही चांगला. ओएलईडी स्क्रीन दिसायला अप्रतिम असते, परंतु कमी उजेडावर तिचे पिक्सेल अनेकदा उघडझाप करून उजेड घटवतात आणि काहींना त्याने डोकेदुखी होते. शिवाय टास्कबार आणि एडिटरची चौकट वर्षानुवर्षे एकाच जागी स्थिर राहत असल्यामुळे त्यांचा ठसा उमटण्याची शक्यता राहते. दिवसभर कोड लिहिण्यासाठी मी आजही चांगला आयपीएस पॅनलच सुचवेन.

कीबोर्ड दुकानात किंवा सहकाऱ्याच्या यंत्रावर प्रत्यक्ष वापरून पाहावा, आणि तिथे चार शब्द टंकून थांबू नये. महिरपी कंस, चौकटी कंस, अर्धविराम आणि अधोरेषा असलेले एक पूर्ण फंक्शन लिहावे, मग केवळ कीबोर्डच्या आधारे त्यातील ओळी वर-खाली हलवाव्यात. वरचा आणि खालचा बाण अर्ध्या उंचीचा आहे का, होम आणि एंड स्वतंत्र आहेत की एफएन दाबून मिळतात, डाव्या कोपऱ्यात कंट्रोल आहे की एफएन, एंटरची कळ अरुंद करून शेजारी दुसरी एखादी कळ कोंबली आहे का, हे दहा मिनिटांत कळते. पॉवरचे बटण डिलीटच्या शेजारी असेल तर ते किती जोराने दाबावे लागते, तेही पाहावे.

प्रतिसाद ६

विशेष ग्राफिक्स कार्ड घ्यावे का, हा प्रश्न अजून आलेला नाही. यंत्रशिक्षणाचे काम असेल तर घ्यावे लागेल का?

प्रतिसाद ३

धागाकर्त्यांच्या कामासाठी नको. कंपायलरला त्याचा उपयोग नाही, आणि वजन, उष्णता, पंख्याचा आवाज व बॅटरीवरचा भार मात्र रोज सोसावा लागतो. नाकापेक्षा मोती जड होतो. क्युडा (ग्राफिक्स कार्डावर गणना करण्याची एनव्हिडियाची प्रणाली) लागणारे काम असेल तरच एनव्हिडियाचे कार्ड घ्यावे, आणि तेव्हा कार्डाच्या नावापेक्षा त्याची स्वतःची मेमरी पाहावी. ७ अब्ज पॅरामीटरांचे भाषा-मॉडेल ४ बिटमध्ये आणले तर केवळ त्याच्या भारांनाच सुमारे ३.५ जीबी लागतात, संदर्भासाठीची मेमरी त्यावर वेगळी. ८ जीबीच्या कार्डावर ते बसते, पण १३ अब्जांचे मॉडेल जेमतेम बसते. मोठे प्रशिक्षण शेवटी सर्व्हरवरच होते.

‘एआय पीसी’ या शिक्क्यालाही सध्या महत्त्व देऊ नये. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आणलेल्या कोपायलट प्लस वर्गासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या गणनेसाठीचा वेगळा प्रोसेसर) आवश्यक आहे, परंतु त्याने बिल्ड, चाचण्या किंवा कंटेनर जलद होत नाहीत. त्या वर्गासाठी किमान १६ जीबी रॅमची अट आहे, एवढाच त्याचा अप्रत्यक्ष लाभ.

प्रतिसाद ७

लिनक्सविषयी. तुमचे सर्व काम लिनक्स कंटेनरमध्ये आहे, मग यंत्रावरही लिनक्सच असले तर मधले आभासी यंत्र पूर्णपणे गळून पडते आणि ३२ जीबी खऱ्या अर्थाने ३२ जीबी मिळते. फाइलींचा वेगही सुधारतो. विंडोजवर राहायचे ठरवले तर प्रकल्पाच्या फाइली सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या आतल्या लिनक्स फाइलव्यवस्थेत ठेवाव्यात, कारण ही सीमा ओलांडून हजारो छोट्या फाइली वाचणे अतिशय संथ असते. ज्यांचे काम विंडोजच्या बाजूलाच आहे त्यांच्यासाठी विंडोज ११ मधील डेव्ह ड्राइव्ह ही सोय आहे, त्यात विषाणू-तपासणी फाइल उघडण्याच्या आड येत नाही.

लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना अगदी नुकतेच बाजारात आलेले मॉडेल टाळावे. दीर्घकालीन आधाराच्या वितरणांतील कर्नल (लिनक्सचा गाभा) काही महिने मागे असतो, आणि नव्या वायफाय चिप किंवा ध्वनियंत्रणेचा ड्रायव्हर त्यात नसतो. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांतील काही लॅपटॉपांचे कॅमेरे नेहमीच्या यूएसबी पद्धतीने जोडलेले नसतात आणि त्यांनी लिनक्सवर अनेकांना बराच त्रास दिला आहे. बोटांचे ठसे वाचणारा सेन्सर चालेलच याचीही शाश्वती नसते. फर्मवेअरचे अद्ययावतीकरण एफडब्ल्यूयूपीडी या लिनक्सवरील साधनाद्वारे मिळते का, हे मात्र आधीच पाहता येते, कारण आधार असलेल्या उपकरणांची यादी खुली आहे.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा झोपेचा आहे. जुन्या लॅपटॉपांत झाकण बंद केल्यावर एस३ अवस्था येत असे, ज्यात रॅम सोडून बहुतेक सर्व भाग बंद होत. नव्या लॅपटॉपांत बहुधा फक्त मॉडर्न स्टँडबाय असते आणि ती नीट जमली नाही तर यंत्र पिशवीत गरम होते व सकाळी बॅटरी रिकामी सापडते. लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स सुरू करून वायफाय, ध्वनी, कॅमेरा, उजेडाच्या कळा आणि झोप या पाच गोष्टी तपासल्याशिवाय निर्णय पक्का करू नये.

प्रतिसाद ८

पोर्ट आणि बॅटरीबद्दल थोडेसे. सगळे यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखेच असतात, पण त्यांपैकी काहींतून केवळ डेटा जातो, काहींतून मॉनिटरचे चित्रही जाते आणि काहींतूनच चार्जिंग होते. थंडरबोल्ट ४ चे चिन्ह असेल तर ४० गिगाबिटचा वेग आणि दोन ४के मॉनिटरांचा आधार गृहीत धरता येतो, इतर ठिकाणी तपशील वाचावाच लागतो. एकाच वायरीने मॉनिटर, नेटवर्क आणि चार्जिंग मिळाले तर टेबलावरचा पसारा कमी होतो.

बॅटरीसाठी ‘अमुक तास’ या दाव्याऐवजी वॅट-तासांचा आकडा पाहावा. १४ इंचाच्या लॅपटॉपमध्ये ४० ते ४५ वॅट-तास कमी आहेत, ६० किंवा अधिक असावेत. विमानात १०० वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून मोठ्या लॅपटॉपांचे आकडे ९९ च्या घरात येऊन थांबतात. यंत्र दिवसभर चार्जरला जोडलेले राहणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) आहे का ते पाहावे, कारण त्याने बॅटरीचे आयुष्य वाढते.

धागाकर्ता

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. आमच्या दोन अंतर्गत प्रतिमा फक्त एक्स८६ साठीच बांधलेल्या निघाल्या आणि त्या बदलणे माझ्या हातात नाही, म्हणून मॅकचा विचार सोडला आहे. १४ इंची, १६:१० ची मॅट आयपीएस स्क्रीन, दोन एसओ-डिम स्लॉटमध्ये मिळून ३२ जीबी, १ टीबी टीएलसी एसएसडी आणि बाजारात येऊन वर्ष झालेला आठ कोरांचा झेन ४ प्रोसेसर, असे एका व्यावसायिक मालिकेतील मॉडेल निश्चित केले आहे. सर्वांत वरच्या प्रोसेसरऐवजी त्याखालचा घेतल्याने वाचलेली रक्कम स्क्रीन आणि रॅमकडे वळवली. त्यावर लिनक्स चालवणार आहे.

लॅपटॉप हाती आल्यावर परत करण्याच्या मुदतीत नेमके काय तपासावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद १

निवड तुमच्या मोजमापाशी अगदी जुळणारी आहे. आलेली विंडोज पुसण्याआधी तिच्यातच काही गोष्टी पाहून घ्या. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरीचा अहवाल काढा आणि त्यात पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या जवळ आहे का ते पाहा. नव्या यंत्रात ती बरीच कमी दिसली तर ते बराच काळ गोदामात पडून होते किंवा आधी वापरलेले आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. एसएसडी स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ माहिती नोंदवते तिच्यातील वापराचे तास आणि लिहिलेला एकूण डेटा यांवरूनही हेच ताडता येते. बायॉसचे अद्ययावतीकरण याच टप्प्यावर करून घ्या. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कूटबद्धीकरण) चालू असेल तर लिनक्ससाठी जागा करण्याआधी त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी जतन करा.

त्यानंतर रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी तुमचाच खरा प्रकल्प घेऊन सलग अर्धा तास पुन्हा पुन्हा स्वच्छ बिल्ड करा, आधी चार्जरवर आणि मग बॅटरीवर. पहिल्या आणि शेवटच्या बिल्डच्या वेळेत किती फरक पडतो, पंख्याचा आवाज तुम्हाला सोसवतो का आणि कीबोर्डचा मधला भाग हाताला किती गरम लागतो, हे लिहून ठेवा. प्रत्येक पोर्टला तुमचाच मॉनिटर आणि तुमचीच वायर लावून पाहा. पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनच्या कडा तपासा. शेवटी पूर्ण चार्ज करून, झाकण बंद करून यंत्र रात्रभर ठेवा. सकाळी बॅटरी पाच-सात टक्क्यांहून अधिक उतरलेली दिसली तर बायॉसमध्ये झोपेचा दुसरा पर्याय आहे का ते पाहा. तो नसेल आणि नव्या कर्नलनेही फरक पडला नाही, तर मुदत संपायच्या आत यंत्र परत करा.